मामांची चटई

बसण्याच्या बाबतीत आमच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही. नोकरीभर ते एसटीच्या स्टिअरिंगमागे बसले आणि निवृत्त झाल्यावर लोकांच्या दुःखात. कुठेही कुणी गेल्याचं कळलं, की जातधर्म न विचारता मामा धाड गावाहून निघत. काखेत गुंडाळलेली चटई, पिशवीत स्वतःची भाकर आणि पाण्याची बाटली, म्हणजे त्या घराला चहाचाही त्रास नको. दारात "आलो" एवढंच म्हणत आणि बसत. आम्ही ख्रिस्ती, त्यातून मी चर्चचा सेक्रेटरी. प्रत्येक दुःखासाठी बायबलचं एकेक वचन माझ्या जिभेवर तयार. मामांना मात्र साधी प्रार्थनाही म्हणवत नसे. वर कधीकधी बसल्या जागी चक्क घोरत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा मी त्यांना झापलंच. ते शांतपणे म्हणाले, "क्रूसाच्या आदल्या राती बागेत प्रभूनं शिष्यायले भाषण मागतलं का बे? इथं थांबा म्हणे, बस. ते झोपले. मीबी झोपतो. पण उठून घरी तं नाही जात ना?"

साखरखेर्ड्याला तर ते घरच चुकले. मयताच्या घराऐवजी शेजारी, जिथे मुलगी पाहायला पाहुणे येणार होते, तिथे चटई टाकून बसले. घरच्यांना वाटलं, मुलाचा चुलता पुढे आला. पोहे आले, मामांनी मान खाली घालून बशी परत सारली. पाहुणे नाराज दिसतात म्हणून मुलीची आई रडायला लागली, आणि ते रडणं ऐकून आपण योग्य घरी आलोत याची मामांना खात्रीच पटली!

हे सगळं मी हसत हसत सांगत असे. मग ते वर्ष आलं. बीटी कपाशीची बोंडं बाहेरून टपोरी आणि आतून अळीनं खाल्लेली निघाली. माझा धाकटा भाऊ सुधाकर बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसला, तो बोलेना की जेवेना. भावजयीनं फवारणीच्या औषधाचे डबे गुपचूप माझ्या घरी आणून ठेवले. का, ते मी विचारलं नाही. मी रोज जाऊन त्याला वचनं ऐकवायचो. तो माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. मला फार भीती वाटत होती.

मग मामा आले. "आलो" म्हणाले आणि बाभळीखाली चटई टाकली. सकाळी येत, दिवे लागायच्या वेळेला उठत. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी भाकर घेऊन गेलो, तेव्हा सुधाकर पहिल्यांदा बोलला.

"मामा, तुम्ही काऊन बसून राह्यले इथं?"

"तू बसला म्हणून."

"अन् मी उठलो तं?"

"तं मीबी उठीन. गुडघे लय दुखून राह्यले बे."

सुधाकर हसला आणि हसता हसता हमसून रडला. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून कपाशीची पऱ्हाटी उपटायला लागले.

गेल्या वर्षी मामा स्वतःच बुलढाण्याला दवाखान्यात पडले. मी नुसता पळत होतो. रिपोर्ट, औषधं, नातेवाइकांना फोन. त्या दुपारी मामांनी माझी बाही धरली. "बस ना जरा."

"आलोच मामा," म्हणालो आणि प्रार्थनेसाठी चर्चच्या पाळकसाहेबांना आणायला गेलो.

त्यांना घेऊन परतलो तेव्हा मामा गेले होते. खाटेशेजारी तीच चटई टाकून सुधाकर बसला होता, मामांचा हात हातात धरून. माझ्याकडे बघून त्याला रडू फुटलं.

"दादा, डोळा लागला रे माहा. पण उठून नाही गेलो."

मी मात्र गेलो होतो. पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी माझ्याकडे पाहिलं, पण मला एकही वचन आठवेना. मी सुधाकरशेजारी चटईवर बसलो. त्या एका 'आलोच'ची लाज माझ्या मनातून अजून जात नाही.