बशीरनं केलेलं पिस्तूल

बशीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी उंब्रजच्या स्टँडवर एसटीत चढत होतो. "जेवून जरा आडवे झाले, उठलेच न्हाईत," शहनाजभाभी म्हणाल्या. मी पायरीवरून खाली उतरलो. गाडी निघून गेली...

बशीर मूळचा रहिमतपूरचा. सांगलीत त्याचं लेथचं वर्कशॉप. दोन वर्षांपूर्वी मी एका छोट्या थरारपटाची व्यवस्था बघत होतो. एक पिस्तूल शहरातल्या गांजलेल्या माणसांच्या हातोहात फिरतं, अशी गोष्ट. नोकरी गेलेला वॉचमन, नवऱ्याला भ्यायलेली बाई, सूडानं पेटलेला बाप. त्यासाठी नकली पिस्तूल हवं होतं. ते काम बशीरकडं मीच नेलं. त्यानं भरीव लोखंडातून असं काही घडवलं, की हातात देताच कॅमेरामन दचकला. बशीर खुशीत हसला. "गोळी न्हाई सुटायची यातनं. पन भ्या वाटतंय, व्हय का न्हाई?"

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी ते चोरीला गेलं. नकलीच तर होतं, म्हणून आम्ही नाद सोडला. बशीरनं सोडला नाही. "ज्याच्यावर रोखत्यात, त्याला कुटं ठावं असतंय रं?" तक्रार द्यायला तो एकटाच ठाण्यात गेला. तिथं सगळे हसले.

पुढं तीनेक महिन्यांनी पाटणच्या रस्त्यावर कुणीतरी पिस्तूल रोखून एका शिक्षिकेची स्कूटर पळवली. जीव वाचवताना ती ओढ्यात पडली, पाय कायमचा अधू झाला. ते पिस्तूल बशीरचंच, असं कुणी म्हटलं नव्हतं. तरी तो मला घेऊन तिच्याकडं गेला. कागदावर काढलेलं पिस्तुलाचं चित्र त्यानं पुढं धरलं. तिनं बघितलं आणि तोंड फिरवलं. "चित्रालाबी मानूस भितंय, गड्या," परतताना मी समजूत घातली. त्यानंतर वर्कशॉपमध्ये कुणी अनोळखी शिरलं, की त्याचं चालू मशीन थांबायचं.

गेल्या आठवड्यात भाभींना भेटायला गेलो. वर्कशॉप उघडून त्या एकट्याच बसल्या होत्या. तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. हेल्मेटही न काढता एकानं विचारलं, "मिस्त्री हायत का?"

"गेले," भाभी म्हणाल्या.

तो घुटमळला. "आवं, मागं पिच्चरसाटी केल्तं, तसलं अजून एक पायजे हुतं. पयलं लय कामाला आलं."

मी उठेपर्यंत तो गेलासुद्धा. नंबर अर्धाच दिसला... बशीरचा चष्मा लेथवर तसाच पडला होता, काचेवर लोखंडाची भुकटी. भाभींनी तो पदरानं पुसला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि शटरला हात घातला.

"चला भाऊ, ठाण्यात जाऊ. आता हसत्यात का बघू."