शाफ्ट तुटला तर काय?

फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. स्क्रीनवर वहिनींचं नाव दिसलं. त्या कामाच्या वेळात कधी फोन करत नाहीत, म्हणून बाहेर जाऊन घेतला. "मुक्ता, हे गेले," एवढंच म्हणाल्या. दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. शिरीष, माझे थोरले दीर. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. काही आठवडे उलटलेत, पण दादांबद्दल लिहायला बसलं की मला त्यांचं आजारपण किंवा म्हातारपण आठवत नाही... पानशेतच्या पुढचा एक चढ आठवतो.

शहरात परदेशी गाड्यांच्या शोरूम उघडायला लागल्या त्याच सुमाराला दादांच्या कारखान्यानं जुन्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती दिली. लोकांनी नव्या गाड्यांचं बुकिंग केलं. दादांनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप आणली. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ती उभी राहिली तेव्हा शेजारच्यांनी विचारलं होतं, "अहो, हिला पार्किंग लागेल की पुरातत्त्व खातं घेऊन जाईल?" दादा हसले आणि कामाला लागले. डोंगरातल्या दगडांवरून जाता यावं म्हणून त्यांनी स्प्रिंगचे पाटे वाढवून जीप चांगली वीतभर उंच केली. मला गाड्यांचं वेड, नवऱ्याला अजिबात नाही. त्यामुळे रविवारी दादांच्या शेजारच्या सीटवर मी. वहिनी बँकेत अधिकारी होत्या, रविवारी त्यांना झोप हवी असायची. पानशेतच्या त्या चढाच्या दिवशी मात्र त्याही आल्या, मागे बसल्या.

चढ मुरमाचा होता आणि डाव्या हाताला दरी. अर्ध्यावर गेलो असू, खालून घण घातल्यासारखा आवाज झाला, मग खडाखडा काहीतरी आपटत राहिलं आणि इंजिन बंद पडलं. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट तुटला होता. त्याच्या मोकळ्या टोकानं ब्रेकचा पाइप तोडला, दादांचा पाय पेडलसकट खाली गेला. त्यांनी हँडब्रेक ओढला. पण या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो तो त्या शाफ्टमार्फतच, म्हणजे तीही मोकळीच. गाडी चारही चाकांना जोडणाऱ्या गिअरमध्ये होती म्हणून फक्त पुढची दोन चाकं तिला धरून होती, आणि ती मुरमावरून हळूहळू मागे घसरत होती.

"मुक्ता, उतर. दार आपटू नकोस," दादा म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "मागच्या चाकांना दगड लाव. दरीकडच्या चाकाला आधी."

हाताला येईल तो धोंडा मी ढकलला. पहिला चिरडून निसटला. दुसऱ्यावर चाक चढलं, थांबलं, पुन्हा हललं... तिसरा बसला. वहिनी मागच्या बाकावर दोन्ही हातांनी दांडी धरून बसल्या होत्या, कारण हललं तरी वजन सरकणार हे त्यांनाही कळत होतं. दादा आरशातून त्यांच्याकडे बघत होते, त्या दादांकडे. मागची दोन्ही चाकं अडकल्यावर त्यांनी हात देऊन वहिनींना उतरवलं. घरी आल्यावर वहिनी कितीतरी दिवस दादांशी बोलल्या नाहीत.

दादांनी त्या अबोल्यावर शोधलेला उपाय म्हणजे जास्त मजबूत शाफ्ट. गाडी उंच झाली की शाफ्ट तिरका होतो, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर ताण येतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ट्रकचा जाड नळीचा शाफ्ट आणून, कापून, बॅलन्स करून बसवायचा असं ठरवून ते नाना पेठेत निघाले. मी होतेच, आश्चर्य म्हणजे वहिनीही पर्स घेऊन खाली उतरल्या. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लावा की. मग पुढच्या वेळी मागच्या अ‍ॅक्सलचं हौसिंग फुटेल. तेही आमच्याकडे मिळतं." तरीही दादा शाफ्टची जाडी तपासत राहिले. तेव्हा वहिनी पहिल्यांदा बोलल्या.

"हा तुटला तर ब्रेक राहतो का?"

"हा तुटणार नाही," दादा म्हणाले.

"मी ते विचारलं नाही."

दादांचा चेहरा उतरला. काही न घेता ते दुकानाबाहेर पडले आणि भर रस्त्यात वहिनींना म्हणाले की तुझा माझ्यावर विश्वासच उरलेला नाही. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यावर आहे, म्हणून तर मी तिथं हलले नाही." मला वाटलं, जीप आता विकली जाणार.

पण दादा पुढच्या आठवड्यात एकटेच जाऊन शाफ्ट घेऊन आले. ट्रकचा नाही, त्याहून हलका, पण जीपच्या मूळ शाफ्टपेक्षा जाड नळीचा. मग त्यांनी स्वतःच वाढवलेल्या पाट्यांपैकी निम्मे काढून गाडी खाली घेतली. शाफ्टखाली लोखंडी कडं बसवलं, तुटला तरी तो आपटू नये म्हणून. ब्रेकचा पाइप दुसऱ्या बाजूनं नेला आणि हँडब्रेक थेट मागच्या चाकांना जोडला. यातलं काहीच त्यांनी वहिनींना सांगितलं नाही. एका रविवारी फक्त विचारलं, "येतेस?"

आम्ही त्याच चढावर गेलो. अर्ध्यावर दादांनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, गिअर काढला, इंजिन बंद केलं आणि दोन्ही पाय उचलून घेतले. खाली मुरूम करकरला. माझे हात दाराच्या कडीवर होते. गाडी जागची हलली नाही. दादा आरशात बघत थांबले... बराच वेळ. शेवटी मागून वहिनी म्हणाल्या, "चला आता, ऊन लागतंय."

त्यानंतर त्या बहुतेक रविवारी आल्या.

परवा संध्याकाळी त्यांनी मला खाली पार्किंगमध्ये बोलावलं आणि हातात टॉर्च दिला. शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस द्यायचं राहिलंय, म्हणाल्या. साडीवर त्यांनी दादांचा काम करायचा खाकी शर्ट चढवला होता, बाह्या दुमडून. काखेखाली उसवलेला, छातीवर तेलाचे डाग. मी म्हटलं, "वहिनी, द्या, धुऊन तरी टाकते."

"नको," त्या म्हणाल्या, आणि सतरंजी पसरून जीपखाली सरकल्या.