अकरा एकर नऊ गुंठे

माझा भाऊ त्रिविक्रम सरकारी मोजणीदार होता. त्याच्या मोजणीत चूक निघाली असं पत्र घरी आलं, आणि त्या दिवसापासून तो खचत गेला.

१९५१ सालची गोष्ट. बंगळुरूच्या उत्तरेला तेरा मैलांवर एक दगडी टेकडी होती. टेकडी आणि तिच्या पायथ्याचं गोमाळ दोन्ही सरकारी. गावची गुरं तिथंच चरायची. टेकडीच्या एका कोपऱ्यावर हंबीरराव नावाच्या कंत्राटदाराला तीन एकरांचा खाणीचा पट्टा मिळाला होता. त्रिविक्रमनं तीन दिवस उन्हात साखळी ओढून खाण मोजली. भरली अकरा एकर नऊ गुंठे. तसं त्यानं लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी हंबीररावांचा माणूस आमच्या चामराजपेटच्या घरी आंब्यांची करंडी घेऊन आला. त्रिविक्रमनं ती उंबऱ्यावरूनच परत पाठवली. महिन्याभरात फेरमोजणी झाली आणि खाण तीन एकर दोन गुंठे भरली. साखळी धरणाऱ्यानं जबाब दिला, की त्रिविक्रमराव झाडाच्या सावलीत बसून अंदाजानं आकडे लिहीत होते. हलगर्जीपणाचा ठपका ठेवून त्रिविक्रमला नोकरीवरून काढलं.

लाच घेतली असं म्हणाले असते तर त्याला इतकं लागलं नसतं. तुला मोजता येत नाही, असं म्हणाले ते. पुढं तो घरातच काही ना काही मोजत बसायचा. ओटा मोजायचा, अंगणातल्या तुळशीपासून गेटपर्यंतचं अंतर मोजायचा, आणि आकडा दर वेळी तोच आला की माझ्याकडं बघायचा. मी शाळेत शिकवायची, माझ्या पगारावर घर चालायचं. १९५४ च्या थंडीत साधा ताप आला आणि तीन दिवसांत तो गेला. ताप निमित्ताला.

माझी वहिनी पद्मावती तेव्हा एकोणतीस वर्षांची. मूलबाळ नाही. चौदाव्या दिवशी मी शाळेला निघाले, तेव्हा ती वेणी घालून दारात उभी.

"वन्सं, ते टायपिंग शिकवतात ना पेटेत, तिथं मला सोडा जाताना."

"एवढी घाई काय आहे वहिनी? स्वल्प दिवस जाऊ देत."

"दिवस जाऊन काय होणार? तो माणूस जिवंत आहे."

कुठला माणूस, ते मला कळलं. तिला टायपिंगच्या वर्गाला सोडून मी शाळेत गेले.

दोन वर्षांत ती कन्नड आणि इंग्रजी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा पास झाली. विधानसभेचा विधानसौध नुकताच बांधून झाला होता, तिथल्या ग्रंथालयात तिला कारकुनाची जागा मिळाली. लोकांना वाटलं, बिचारीला आधार झाला. मला माहीत होतं की ती दुसरीकडं मिळत असलेली जास्त पगाराची जागा सोडून तिथं गेली होती. सरकारचे सगळे जुने अहवाल त्याच ग्रंथालयात येतात, हे तिनं आधी चौकशी करून ठेवलं होतं.

हंबीरराव तोवर मोठे झाले होते. गावोगाव देवळांना दगड फुकट द्यायचे, सभांतून हार घालून घ्यायचे. १९६२ च्या निवडणुकीत ते आमदार झाले आणि एक दिवस ग्रंथालयात वहिनीच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. घरी येऊन तिनं मला ते शब्दाला शब्द सांगितलं.

"मराठी बोलता? वा! इथं आपलं माणूस भेटलं की बरं वाटतं. कुठल्या तुम्ही, अक्का?"

"चामराजपेटच्या."

"बरं बरं. काही लागलं तर सांगा हो. आपली माणसं आपणच बघायची."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"सरी, बरं, म्हटलं." ती भात कालवत म्हणाली. "वन्सं, त्यांच्या हातावर अत्तर होतं. पुस्तकाला लागलं ते. दिवसभर वास येत होता."

त्या रात्री ती जेवली नाही.

पुढच्या वर्षी सरकारी जमिनीवरच्या खाणींचा कायदा बदलायचं विधेयक विधानसभेत आलं. त्यात एक कलम होतं: सगळे जुने पट्टे नव्यानं मोजायचे, आणि ज्यानं पट्ट्याबाहेर सरकारी जमीन खणली असेल त्याचा पट्टा रद्द करायचा. त्यावर महिनाभर वाद चालला. खाणवाल्या आमदारांची एक दुरुस्ती होती, की फेरमोजणी फक्त नव्या पट्ट्यांची व्हावी, जुने तसेच राहू द्यावेत. ती मांडणार होते हंबीरराव.

भाषणाच्या आठवडाभर आधी ते वहिनीकडं आले.

"अक्का, एक काम आहे. या शहराच्या सरकारी इमारतींना आजवर मी किती दगड दिला, ते सदनाला सांगायचंय. खाणवाले म्हणजे चोर असं हे लोक बोलतात. त्यांना कळू दे, हे शहर कुणाच्या दगडावर उभं आहे. आकडे मिळतील का?"

"मिळतील की," वहिनी म्हणाली. "सगळे मिळतील."

ते आकडे तिनं सात वर्षं आधीपासून जमवून ठेवले होते. सरकारी बांधकामांच्या चौदा वर्षांच्या अहवालांत, कुठं पान तीसवर, कुठं शेवटच्या तक्त्यात, हंबीररावांच्या खाणीतून आलेल्या दगडाची नोंद होती. ती कधी कुणी एकत्र केली नव्हती. वहिनीनं केली. बेरीज आली पंचाण्णव लाख घनफूट. हा एकच आकडा तिनं सुबक टाईप केला, खाली अहवालांची नावं आणि पानं दिली, आणि कागद त्यांच्या हाती ठेवला. एक अक्षर खोटं नाही. हंबीररावांनी तो दोनदा वाचला आणि खूश होऊन "तुमची बढती व्हायला पाहिजे" म्हणाले.

त्याच दुपारी तिनं मल्लाप्पांना गाठलं. मल्लाप्पा त्या टेकडीजवळच्याच गावचे आमदार, विधेयकाच्या बाजूचे. चार वर्ग शिकलेले, पण रोज ग्रंथालयात येऊन कायद्याची पुस्तकं बोट ठेवून वाचायचे.

"तुम्ही ती खाण पाहिलीय?" वहिनीनं विचारलं.

"लहानपणी तिथं गुरं चारलीत अम्मा. आता गुरांना उभं राहायला जागा नाही."

"खोल किती आहे?"

"खोल कुठली? वीस फूट असेल. खाली उभा राहून वरच्या माणसाशी बोलता येतं."

वहिनीनं एक कोरा कागद घेतला आणि त्यांच्यासमोर गणित करून दाखवलं. तीन एकर म्हणजे एक लाख तीस हजार सहाशे ऐंशी चौरस फूट. त्यातून पंचाण्णव लाख घनफूट दगड काढायचा, तर खाण जवळजवळ त्र्याहत्तर फूट खोल पाहिजे. मल्लाप्पांनी बोट ठेवून सगळे आकडे पुन्हा वाचले. मग त्यांनी तो घडी घालून टोपीत ठेवला.

चर्चेच्या दिवशी वहिनीनं मला शाळेतून रजा घ्यायला लावली. आम्ही प्रेक्षकांच्या सज्जात बसलो. हंबीरराव छान बोलले, हे मान्य करायला हवं. भरदार कन्नड, हात छातीवर. "पंचाण्णव लाख घनफूट, अध्यक्ष महाराज! माझ्या एका खाणीनं या राजधानीला दिलेत!" बाकं वाजली. काही जणांनी मान वळवून त्यांच्याकडं कौतुकानं पाहिलं.

मल्लाप्पा उठले. टोपीतला कागद काढून त्यांनी समोर धरला.

"माननीय सदस्यांचा पट्टा किती एकरांचा आहे?"

"तीन. सरकारी कागद आहे."

"आणि सगळा दगड त्या तीन एकरांतलाच?"

"एक तुकडासुद्धा बाहेरचा नाही. देवाशपथ."

"मग खाण त्र्याहत्तर फूट खोल असणार."

"आहे की. खोलच आहे."

"अध्यक्ष महाराज," मल्लाप्पा म्हणाले, "मी त्या गावचा आहे. उद्या सकाळी सगळ्या सदनाला बस करून नेतो. त्र्याहत्तर फूट निघाले तर मी राजीनामा देतो. वीस निघाले, तर बाकीचा दगड कुठल्या जमिनीतून आला, ते यांनी सांगावं."

आधी मागच्या बाकांवरून कुणीतरी हसलं. मग सगळं सदन हसायला लागलं. हंबीरराव हातातला टाईप केलेला कागद वरखाली बघत होते, जणू त्यात कुठंतरी उत्तर असेल. मी वहिनीकडं पाहिलं. ती हसत नव्हती. दोन्ही हातांनी कठडा धरून पुढं वाकून ती त्यांचा चेहरा बघत होती. त्यातलं काहीही निसटू नये, अशी.

दुरुस्ती पडली, कायदा झाला. पावसाळ्यानंतर खाण मोजली तेव्हा गोमाळाचा आणखी थोडा लचका गेलेला होता. बारा एकर भरले, पट्टा रद्द झाला.

हंबीरराव कागदाचा माग काढत ग्रंथालयात आले. या वेळी अक्का नाही की आपलं माणूस नाही.

"मल्लाप्पाला गणित तू शिकवलंस. काय वाकडं केलं होतं मी तुझं? कोण आहेस तू?"

"मी त्रिविक्रमरावांची बायको."

"कोण त्रिविक्रमराव?"

नऊ वर्षं ती या प्रश्नाच्या उत्तराची तयारी करत होती, पण तो असा खराच विचारला जाईल असं तिला वाटलं नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. तिनं सांगितलं: साल, टेकडी, आंबे, साखळीवाल्याचा जबाब. ते कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले आणि म्हणाले, "असे किती आले नि गेले."

घरी येऊन तिनं मला हे सांगितलं, तेव्हा प्रथमच मोठ्यानं रडली. मला वाटलं, आता मोकळी झाली. तसं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं खात्याला अर्ज लिहायला सुरुवात केली, की नवऱ्यावरचा ठपका पुसावा. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं: प्रकरण जुनं आहे, संबंधित कर्मचारी हयात नाही, कार्यवाहीची गरज नाही. ते पत्र तिनं फाडलं नाही, फाईलला लावलं. आणि मग हंबीररावांच्या दुसऱ्या दोन खाणींचे अहवाल काढून बसली. त्याही गेल्या, १९६५ मध्ये. मध्येच मल्लाप्पा एकदा घरी आले होते. म्हणाले, "अम्मा, त्या खाणींवर आमचे दीडशे लोक होते. दगड फोडणारे. आता कोलारकडं पांगलेत सगळे."

"वाईट झालं," वहिनी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं, मला तिचा चेहरा कळतो. पण तिनं थांबायचं म्हटलं नाही.

१९६७ मध्ये हंबीररावांना तिकीट मिळालं नाही. त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. श्रावणात एका दुपारी त्यांची बायको तुंगाबाई रिक्षा करून आमच्या दारात आली. जरीची साडी, पण चपलेचा अंगठा तुटलेला.

"पद्माक्का, त्यांचं एवढंच म्हणणं आहे, की तुम्ही एकदा येऊन माफ केलं म्हणावं. जीव अडकलाय त्यांचा."

वहिनीनं तिला बसवलं, पंखा लावला, डिकॉक्शन घालून ताजी कॉफी केली. तुंगाबाईनं अर्धी कॉफी प्यायल्यावर ती म्हणाली, "तुम्ही माझं काही बिघडवलं नाही. तुम्ही केव्हाही या. पण मी येणार नाही, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही."

"मरणाऱ्या माणसाला एक शब्दसुद्धा नाही?"

"माझ्या माणसालाही कुणी दिला नव्हता."

तुंगाबाई डोळे पुसत गेली. मी गेटपर्यंत तिला पोचवलं, तिची चप्पल धाग्यानं बांधून दिली. परत आले तर वहिनी भांडी विसळत होती.

"तुम्हाला वाटतं मी जायला हवं होतं?" तिनं पाठमोरीच विचारलं.

माझाही भाऊच होता तो. "नाही," मी म्हटलं. आणि मला ते बोलताना बरं वाटलं, हे मी लपवत नाही.