आज वाचनाची पाळी माझी होती

आमच्या चर्चमध्ये वर्षभराच्या शास्त्रवाचनाचा तक्ता आधीच लागतो. कोणत्या रविवारी कोणता उतारा आणि तो वाचणार कोण, सगळं ठरलेलं. आज माझं नाव होतं आणि उतारा होता, अर्पण देण्याआधी भावाशी समेट करण्याचा.

मित्रांनो, नाताळचं जेवण कुणाच्या घरी, यावरून थोरल्या भावाशी माझा तेव्हापासून अबोला होता. मी पाळी बदलून घ्यायला निघालो, तर बायको म्हणाली, "पाळी बदलाल, पण उतारा ऐकावा लागेलच की!"

वाचायला उभा राहिलो. दादा तिसऱ्या बाकावर होता. 'भाऊ' शब्द आला आणि मी मान खाली घालून अगदी हळू वाचू लागलो. कसंबसं वाचून संपवलं.

अर्पणाची थैली फिरू लागली. ती माझ्यापर्यंत येण्याआधी उठलो आणि दादाशेजारी जाऊन बसलो.

तो समोर बघतच पुटपुटला, "लई हळू वाचलंस. काय ऐकू आलं न्हाय."

"परत वाचू का?"

"नको. जेवायला या दोघं. तुझ्या वहिनीनं सकाळीच तुमच्या वाटचंबी मटण टाकलंय. तक्ता आमीबी बघतो की!"

आत्ताच जेवून घरी आलोय. उतारे आपले आपण निवडायचे असते, तर हा मी कधीच निवडला नसता. तुम्हाला असा कोणता उतारा नको असताना भेटलाय?