चाप जड झालाय

दसरा झाला की माझ्या टेबलावर कुंकू येतं. पाणीगेटजवळच्या एका परवानाधारक दुकानात मी बंदुका-पिस्तुलं दुरुस्त करतो. बडोद्यातल्या ज्या मराठी घरांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यांना पाटावर शस्त्र मांडल्याशिवाय दसरा गोड लागत नाही. तलवारी गेल्या कुठल्या कुठे. उरलं असेल तर तळहाताएवढं एखादं पिस्तूल. त्यावर गंध, कुंकू, अक्षता, झेंडू, आणि वर कौतुकाने तेलाची धार. तेलात कुंकू कालवलं की त्याचा चिखल होतो आणि नेमका चापाच्या सांध्यात जाऊन बसतो. मग चार दिवसांनी, "काका, ट्रिगर बहु भारी लागे छे." एकदा तर चापामागून मी अख्खा तांदूळ काढला आहे. दरवर्षी सांगतो, बाबांनो, कुंकू पाटाला लावा, पिस्तुलाला नको. ऐकतं कोण! आता सांगायचाही कंटाळा येतो.

चाप बोटालाच कळतो. पिस्तूल रिकामं करायचं, दोनदा पाहायचं, बोटाचं पेर टेकवायचं आणि सावकाश ओढायचं. आधी थोडी सैल चाल, मग एक अडसर, आणि तिथून जराही खरखर न होता घोडा, म्हणजे मागून आदळणारा हातोडा, सुटायला हवा. बोट सैल सोडताना चाप जागेवर आल्याची बारीक टिचकी जाणवायला हवी. लहान पिस्तुलात सगळंच आखूड, त्यामुळे चुकायलाही जागा कमी. गिऱ्हाइकाला हवा असतो हलका चाप. मऊ स्प्रिंग बसवली तर बोटाला सुख होतं, पण घोडा गोळीवर लेचापेचा पडतो आणि एखादी गोळी ऐन वेळी उडतच नाही. हे मी इतक्यांदा समजावलंय की झोपेतही सांगू शकेन.

यंदा दादा आला. हा माझा मोठा भाऊ, बडोद्यातच हरणीला राहतो. वडिलांमागे पिस्तूल आणि परवाना त्याच्याकडे गेला आणि मी दुरुस्तीचं काम शिकलो. तेव्हापासून त्याचं ठरलेलं वाक्य, "आम्ही शिपाईगडी, आणि हा लोहार निघाला." लग्नकार्यात, चार माणसांत, हसत हसत. मीही हसायचो. लागायचं मात्र. एका दसऱ्याला मी माझे स्क्रू ड्रायव्हर, आमच्या बडोद्याच्या बोलीत डिसमिस, पूजेला घेऊन गेलो, तर म्हणाला, "पाटावर शस्त्र असतं. ही अवजारं तिकडे ओट्यावर ठेव." पुन्हा कधी नेले नाहीत.

"चाप जड झालाय रे," तो खुर्चीत बसत म्हणाला. "तुझ्या वहिनीने यंदा कुंकू जरा जास्तच ओतलं. हलका करून दे ने."

मी पिस्तूल उघडलं. कुंकू होतं, पण नावाला. धुतलं, पुसलं, तेलाचा एक थेंब दिला. चाप लोण्यासारखा चालला. तरी खात्रीसाठी स्प्रिंगचा काटा लावून ओढ मोजली. जुन्या वहीत लिहिलेला आकडा आणि आजचा आकडा एकच. मॅगझिनमध्ये खोट्या गोळ्या भरून स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढत गेलो. सगळ्या बिनतक्रार आत गेल्या, बाहेर पडल्या. पिस्तुलात काहीच बिघडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादा न्यायला आला. मी रिकामं पिस्तूल त्याच्या हातात दिलं. दोन्ही हातांनी धरूनही त्याला चाप अडसराच्या पुढे नेता येईना. "अजून जडच आहे," तो म्हणाला.

"ठेवून जा, बघतो," मी म्हणालो. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन दिवस मऊ स्प्रिंग टेबलावर पडून होती. ती बसवली असती तर दादा खूश होऊन घरी गेला असता. पण तसल्या बेभरवशाच्या हातात हलका चाप, आणि घरात दोन नातवंडं. नाही म्हणावं तर त्याच्याकडे शिपाईपणाची तेवढी एकच वस्तू उरलेली. या वयात भावाशी असलं काही बोलायची वेळ यावी, याचाच मला शीण आला होता.

तो परत आला तेव्हा मी त्याला रिकामं पिस्तूल भिंतीकडे धरायला सांगितलं आणि स्लाइडवर एक रुपयाचं नाणं ठेवलं. लहानपणी त्यानेच मला हे शिकवलं होतं. नाणं न पडता चाप ओढता आला, तर हात पक्का. त्याचं नाणं कधी पडत नसे, माझं दरवेळी पडायचं. आज चाप ओढायच्या आधीच ते घरंगळत कपाटाखाली गेलं.

"पिस्तूल ठीक आहे, दादा," मी म्हणालो. "हात केव्हापासून असा होतोय?"

त्याने पिस्तूल टेबलावर ठेवलं. "गेल्या दिवाळीपासून. हिला बोललो नाही. चहा सांडला की म्हणतो, घाई झाली."

पिस्तूल दुकानात जमा करायचा कागद मी पुढे सरकवला. त्याने हुज्जत घातली नाही. सही वाकडी आली. त्याच्यासमोरच मी पिस्तूल कपाटात ठेवून कुलूप लावलं. जाताना तो दाराशी थांबला.

"पुढच्या दसऱ्याला पाट रिकामा नाही ठेवायचा. तुझे ते डिसमिस घेऊन ये. तेच पुजू."

"आणतो," मी म्हणालो.

चाळीस वर्षं त्याच्या तोंडून असं काहीतरी ऐकायला मी टपून बसलो होतो. ऐकलं तेव्हा मात्र वाटलं, नको रे दादा. चार माणसांत मला लोहार म्हण, वाटेल तेवढा हस, पण ते नाणं पाडू नकोस.