अनसूया, मालती आणि एक रिकामा चौकोन

वाळलेल्या तुरीच्या शेंगा सकाळच्या वाऱ्याने खुळखुळू लागल्या, की साऱ्या शिवाराला कंठ फुटल्यासारखा वाटतो. आमचं घर पिंपळगाव राजाच्या अगदी कडेला. अंगण संपतं तिथे तूर सुरू होते. पौषातल्या त्या सकाळी पाठीवर कोवळं ऊन आणि मांडीवर वही घेऊन मी तो आवाज ऐकत बसले होते. किती हलका आवाज! तरी त्यात एक घाई असते. आता कापा, आता उशीर नको, असं काहीसं तो सांगत असतो. घाई मलाही होती. शनिवारपर्यंत एक निबंध पुन्हा लिहून बुलढाण्याच्या अभ्यास केंद्रात द्यायचा होता.

तुम्ही म्हणाल, एकोणपन्नासाव्या वर्षी कसला निबंध? मी अंगणवाडी सेविका आहे आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बाहेरून बसले आहे. अंगणवाडीत कोणत्या बाळाचं वजन कधी, कोणाचा डोस कधी, खिचडीचा तांदूळ किती उरला, हे सगळं याद्यांवर चालतं. आणि घरही मी तसंच चालवत आले. यादी केली की मन निवतं. पसरलेलं जग चार ओळींत येऊन बसतं, आणि एकेक ओळ खोडताना जे समाधान मिळतं ते मला पूजेतही क्वचितच मिळालं असेल.

अभ्यासाला लागलेलं नाटक दोन जावांचं आहे. थोरली अनसूया, धाकटी मालती. दुसऱ्या अंकात मालती भरल्या घरात उभी राहते आणि म्हणते, मला माझी चूल वेगळी हवी. अनसूया एक शब्दही न बोलता तिला भांडी काढून देते. या दोघींची तुलना करायची होती. मी पानाच्या मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे अनसूया, उजवीकडे मालती, आणि एका बैठकीत दोन्ही रकाने भरून निबंध लिहून टाकला. आठ दिवसांनी वही परत आली. खाली सरांनी लाल शाईत लिहिलं होतं: ‘तुलना करा, निकाल देऊ नका. पुन्हा लिहून आणा.’

आमच्या घरधन्यांनी ती ओळ वाचली आणि चहाचा कप खाली ठेवून हसत सुटले. “काय वं, जज्ज झाली का तू? आता त्या नाटकातल्या बायाइले तरी सुखानं नांदू दे!”

मी हसले नाही. आजवर माझ्या कोणत्याही कागदावर कोणी लाल शाई वापरली नव्हती. आणि ती ओळ मला नुसती खटकली नव्हती, लागली होती. कारण अकरा वर्षांपूर्वी आमच्याही घरात एका गुरुवारी संध्याकाळी माझी धाकटी जाऊ रेखा सगळ्यांसमोर म्हणाली होती, “मले माही चूल येगळी पायजे.” आणि मीही काही न बोलता उठले होते. त्याच संध्याकाळी मी भांड्यांची यादी केली, एका कागदावर, दोन रकान्यांत. एक तवा इकडे, एक तिकडे. घराच्या मधोमध भिंत आली. अंगण मात्र एकच राहिलं.

भांडण झालं नाही, आजही नाही. उन्हाळ्याची वाळवणं आम्ही दोघी मिळून घालतो. माझ्या ऑपरेशनच्या वेळी खामगावच्या दवाखान्यात सहा दिवस माझ्या उशाशी तीच बसली होती. पण त्या गुरुवाराबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी मनात एक गोष्ट पक्की करून ठेवली होती: मी घर धरून ठेवलं, तिने ते मोडलं. इतकी पक्की गोष्ट पुन्हा उघडून पाहायची गरज कोणाला वाटते?

तर त्या सकाळी मी माझाच तक्ता पुन्हा वाचायला घेतला. वजनाच्या तक्त्यात आकडा चुकला की बोट आडवं फिरवत जायचं, ही आमची कामाची सवय. तसं बोट फिरवलं, आणि ते जागच्या जागी थांबलं. डावीकडे मी लिहिलं होतं: अनसूया गप्प राहते, कारण तिला सासऱ्यांची लाज राखायची आहे. अनसूया कडक बोलते, कारण घर मोठं आहे. उजवीकडे काय होतं? मालती चूल मागते. मालती माहेरी निघून जाते. मालती सणाला उशिरा येते. एकीपुढे प्रत्येक ठिकाणी ‘कारण’ होतं. दुसरीपुढे नुसती कृत्यं. एकीला मी आतून पाहिलं होतं, दुसरीला दारातून! सरांनी ज्याला निकाल म्हटलं तो माझ्या वाक्यांत नव्हताच, तो त्या रकान्यांतच होता.

मी दुसरं पान घेतलं आणि या वेळी आडव्या रेघा मारल्या. प्रत्येक रेघेवर एकच प्रश्न, आणि तो दोघींनाही: काय केलं? का केलं? काय हवं होतं? सगळे चौकोन भरत गेले, एक सोडून. मालतीने चूल का मागितली? नाटक तीनदा वाचलं. ती कुठेही सांगत नाही. तो चौकोन पांढराच राहिला. मी त्यात काही लिहायला जाई आणि पेन उचलून घेई, कारण सुचत होतं ते सगळं माझंच होतं: आळस, हट्ट, माहेरची फूस. अकरा वर्षं मी हेच मनात लिहीत आले नव्हते का?

शुक्रवारी उजाडताच मी वावरात गेले. थंडीत रेखा रात्री हरभऱ्यावर जुनं धोतर पसरून ठेवते. दवाबरोबर पानांची आंबट आंब त्यात उतरते. सकाळी ते पिळून बाटलीत भरलं की पोटदुखीला वर्षभर पुरतं. ती धोतर पिळत होती. गार वाऱ्यात तो आंबट वास नाकाला झोंबत होता.

“या ताई,” माझी चाहूल लागताच ती म्हणाली. “कोनाचं पोट दुखून राह्यलं?”

“पोट नाई वं, माहं डोकं.” मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसले आणि तिला नाटकाची गोष्ट सांगितली, चूल मागण्यापर्यंत. ती धोतराची घडी बदलत ऐकत होती.

“मंग? पुढं?”

“पुढचं राहू दे. तिनं चूल काऊन मांगतली असन?”

तिचे हात थांबले. बाटलीत शेवटचे दोन थेंब पडले. “ताई, हे त्या नाटकातल्या बाईचं इचारून राह्यल्या का माह्यं?”

खोटं बोलण्याची शेवटची संधी समोर होती. “दोघीचंय,” मी म्हणाले.

“अकरा वर्सं लागले तुम्हाले!” ती हसली, पण डोळे माझ्यावरच होते. “पयल्या वर्सी मी रोज वाट पाह्यली. ताई येतीन, इचारतीन, नाईत भांडतीन तरी.”

“भांडाचं नोतं मले.”

“हाव. थेच त. तुमचं कधी काई चुकलंच नाई. भिंतीवर यादी, सोमवारी वांगे त सोमवारी वांगे. कोनी उपाशी राह्यलं नाई, कोनाले जास्त काम पडलं नाई.” ती धोतर झटकून सरळ करत म्हणाली, “मले ना ताई, एकडाव माह्या हातानं भाजी खारट कराची होती. अन् घरात कोनी बोंबललं असतं, कोनं केली वं ही, त म्हनाचं होतं, मी केली!”

“मंग तवाच सांगाचं होतं ना!”

“काय सांगू? भाजी खारट कराची हाय म्हून चूल द्या? अख्खं घर हासलं असतं.”

हसलं असतं, आणि सगळ्यांत आधी मी हसले असते. हे मला त्या धुऱ्यावर इतकं स्पष्ट दिसलं की मी मान खाली घातली. ज्या दुःखाला मोठं नाव असतं ते अंगणात येऊन बोलू शकतं. मारलं, उपाशी ठेवलं, टाकून दिलं, असं म्हणता येतं आणि चार माणसं ऐकून घेतात. पण चिमूटभर मिठाएवढं दुःख कोणापुढे मांडायचं? ते माणूस गिळतं, आणि मग एक दिवस भरल्या घरात एकच वाक्य बोलतं. आपण ते वाक्य तेवढं लक्षात ठेवतो. माझी शिस्त खोटी नव्हती. तिच्यावरच ते घर उभं होतं. पण ज्या घरात सगळं आधीच ठरलेलं असतं, तिथे नव्या माणसाने स्वतःचं म्हणून काय करावं?

“चुकलं माहं,” मी म्हणाले. दोन शब्द, पण तोंडात पहिल्यांदाच आलेल्या चवीसारखे.

रेखाने बाटलीचं झाकण लावलं. “चुकलं म्हनू नका, मले रडू येते,” ती म्हणाली. “अन् त्या बाईच्या तोंडात माही भाजी घालू नका बरं. तिचं दुसरं काई असन.”

बरोबरच होतं. रात्री पुन्हा लिहायला बसले तेव्हा मालतीचा चौकोन मी भरला नाही. निबंधात लिहिलं, की मालती कारण सांगत नाही आणि अनसूया ते विचारत नाही. दोघी गप्पच आहेत, पण एकीची गप्प राहण्याची रीत घराला थोरपण वाटते आणि दुसरीची अपराध. पहिल्या निबंधात दोघींतलं साम्य म्हणून एकच ओळ होती, दोघी एकाच घरात नांदतात. आता दुसरी आली: ते घर आपलं वाटावं, एवढंच दोघींना हवं होतं. मग भेद लिहिताना हात जड झाला नाही. कोण बरी, हे कुठेच लिहिलं नाही, आणि नवल म्हणजे निबंध त्यावाचून अडलाही नाही.

शनिवारी एसटीने घाट चढून बुलढाण्याला गेले. सरांनी दोन पानं वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि वही गठ्ठ्यावर ठेवून “ठीक आहे” एवढंच म्हणाले. किती गुण पडतील, कोण जाणे.

परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात दोन दारं आहेत. पाय माझ्या दाराकडे वळले होते, ते मी फिरवले. रेखा चुलीपुढे बसून भाजीची टोपली पाहत होती.

“काय करून राह्यली आज?” मी उंबऱ्यातून विचारलं. “मी जेवाले इथंच हावो.”

ती गोंधळली. “अजून ठरलं नाई, ताई. वांगे हाय, मेथी हाय, पीठबी भिजवलं नाई. तुम्ही सांगा ना, काय करू?”

उत्तर ओठांवर आलं होतं. मेथी शिळी होईल, आधी मेथी. मी ते तसंच आत ठेवलं आणि पाट ओढून घेतला.

“तू ठरव,” मी म्हणाले. “मी हावो बसून.”

तिने टोपली पुढे ओढली आणि एकेक भाजी हातात घेऊन पाहू लागली. मी बसून राहिले.