बाईंच्या लेकीला कोण ओळखतं

मी ऑफिसातला शिपाई. सगळे मला मामा म्हणतात, आणि वेळ आली की बनवतातही. पण ही गोष्ट माझी नाही, आमच्या टायपिस्ट बाईंची आहे. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला त्याला जमाना झाला, तरी बाई टायपिस्टच राहिल्या. बावीस वर्षं तीच खिडकी, तीच खुर्ची. बोलणं कमी, चुका त्याहून कमी.

साहेबांची सगळी पत्रं बाईच लिहितात. साहेब जाता जाता म्हणणार, "बाई, क्लबातल्या मित्राचा मुलगा आहे, कॉलेजसाठी चार ओळी द्या." की बाई सुरू: 'या उमेदवारास मी लहानपणापासून व्यक्तिशः ओळखतो. चिकाटी, प्रामाणिकपणा, नेतृत्व...' मग कागद मी आत न्यायचा आणि साहेबांनी बोलता बोलता सही ठोकायची. अशी तीस-चाळीस पोरं तरी मार्गी लागली असतील. बाईंनी त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. साहेबांनी किती पाहिली, देव जाणे.

बाईंना एकच लेक. नवरा लवकर गेला. पोरगी शाळा सुटली की ऑफिसात यायची आणि साहेबांच्या केबिनबाहेर, माझ्या स्टुलाशेजारच्या बाकावर बसायची. दहा वर्षं. तिथेच डबा, तिथेच अभ्यास. रिकामी असली की रद्दी कागदांवर आमच्या ऑफिसचा नकाशा काढायची. एकदा म्हणाली, "मामा, हे फायलींचं कपाट त्या भिंतीला असतं ना, तर तुमची दर फेरीला अठरा पावलं वाचली असती." मी मोजून पाहिलं. कार्टी बरोबर होती! साहेब दिवसातून चार वेळा तिच्यासमोरून जायचे. ती उभी राहून नमस्कार करायची. साहेब मान हलवून पुढे जायचे.

शाळा संपली, मार्क चांगले पडले, आणि इमारतींचे नकाशे शिकवणाऱ्या एका मोठ्या संस्थेत फी माफ असलेल्या जागेसाठी तिची निवड झाली. एकच अट उरली. 'उमेदवारास व्यक्तिशः ओळखणाऱ्या, शाळेबाहेरील प्रतिष्ठित व्यक्तीचे पत्र.' ते नसेल तर जागा दुसऱ्याला. आणि फी भरून शिकवणं बाईंना सात जन्मांत जमलं नसतं.

मी म्हटलं, "बाई, काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतक्या जणांची पत्रं लिहिलीत, आता घरचं लिहा."

बाईंनी साहेबांना विचारलं. साहेब मनाने वाईट नाहीत. म्हणाले, "त्यात काय एवढं! घाला लिहून, मी सही करतो." कुणासाठी, ते बाईंनी सांगितलं होतं. साहेब तेव्हा चष्मा शोधत होते.

आणि गंमत बघा. परक्या पोरांचं दहा मिनिटांत लिहिणाऱ्या बाईंना पोटच्या पोरीचं दोन दिवस लिहिता येईना. 'लहानपणापासून ओळखतो' इथेच गाडी अडली.

"मामा, हे खोटं होईल का हो?"

"खोटं कसं? दहा वर्षं त्यांच्या दारात बसली होती."

"पण ओळखतात का?"

"मग त्या क्लबवाल्याच्या पोराला ओळखत होते का?"

माझं डोकं तेव्हा जे फिरलं ते अजून ठिकाणावर नाही. शेवटी नेहमीचंच पत्र झालं, नेहमीसारखी सही झाली.

आठवड्याने मी चहा घेऊन केबिनमध्ये गेलो, तर संस्थेचा फोन. साहेबांनी स्पीकर लावला होता. तिकडच्या मॅडम म्हणाल्या, "आपली दोन पत्रं आलीत, फक्त खात्री करतोय." पहिलं नाव बाईंच्या लेकीचं.

साहेब म्हणाले, "कोण? नाही हो. अशी कुणी मुलगी माझ्या ओळखीत नाही."

मी कप टेबलावर ठेवला. म्हटलं, गेली नोकरी खड्ड्यात. "साहेब, आपल्या बाईंची लेक! बाहेर बाकावर बसायची ती."

"अच्छा, ती होय!" साहेब हसले आणि फोनला म्हणाले, "आमच्या टायपिस्टची मुलगी. चांगली असेल हो. बाई कामाला चोख आहेत."

असेल! चांगली असेल! मला इतका राग आला, पण कुणाचा ते कळेना. साहेबांचा की माझा? तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं का वाईट?

मॅडमनी दुसरं नाव घेतलं. "हो हो, तो अगदी घरचाच. डोळे झाकून घ्या," साहेब म्हणाले. फोन ठेवला, चहाचा घोट घेतला आणि मला विचारलं, "मामा, हा दुसरा कुणाचा हो?"

चार दिवसांनी पत्र आलं. 'शिफारस करणाऱ्या व्यक्तीस उमेदवाराची पुरेशी ओळख नाही. आठ दिवसांत दुसरे पत्र सादर करावे.' मी बाईंना केबिनमधलं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, माझंच चुकलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही खरं तेच बोललात, मामा." आणि रडायला लागल्या.

मग आम्ही माणसं आठवायला बसलो. पोरीला ओळखतं कोण? खालचा वॉचमन, झेरॉक्सवाली, वाचनालयातल्या ताई, शेजारची शिवणवाली मावशी. पोरीची चप्पल कुठे तुटते ते यातल्या प्रत्येकाला ठाऊक. पण प्रतिष्ठित? सातवा दिवस उजाडला तरी नाव सापडेना.

"बाई, मी देतो पत्र," मी म्हटलं.

मी बोलत गेलो, बाई टाइप करत गेल्या. ती कशी शिकली, ताप असतानाही पेपर कसा देऊन आली, माझी अठरा पावलं, सगळं घातलं. 'नेतृत्व' मात्र घातलं नाही. खाली माझं नाव आलं आणि बाईंचे हात थांबले.

"मामा, हुद्दा?"

"शिपाई लिहा. चोरी केलीय का कुणाची?"

रद्दीवर दोनदा गिरवून मगच सही केली.

उत्तर सभ्य भाषेत आलं. 'आपल्या पत्रातून उमेदवाराची उत्तम ओळख होते. तथापि आपण आवश्यक निकषात बसत नसल्याने...' जागा गेली. 'घरच्या' मुलाला मिळाली.

पोरीने संस्थेकडून आलेले दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "मामा, जो माणूस चालतो त्याला मी माहीत नाही. ज्याला मी माहीत आहे तो चालत नाही. मग मी काय करायला हवं होतं?"

मी त्या कागदांकडे बघत राहिलो. दोन्हीवर शिक्का एकच, सही एकच. कुठला आधी वाचायचा तेही कळेना. आता ती एका दुकानात दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांच्या प्रती काढते.

परवा साहेब घरी निघताना बाईंच्या टेबलाशी थांबले. "काय हो बाई, मुलीचं काय झालं शेवटी? मिळाली जागा?"

"नाही, साहेब."

"अरेरे!" त्यांना खरंच वाईट वाटलं, चेहरा पडला त्यांचा. "मला आधी सांगायचं ना. मी शब्द टाकला असता."

बाई म्हणाल्या, "हो, साहेब."